अनोळखी फूटहिल्समध्ये म्यूल डिअर, स्काउटिंगला एकच वीकेंड आहे, काय बघून येऊ?

रानवाट_डेन्वर

नमस्कार मंडळी. यंदा मला ड्रॉमध्ये (परवान्यांच्या सोडतीत) सेकंड रायफल सीझनचा, म्हणजे रायफलच्या दुसऱ्या हंगामाचा, बक टॅग (एक नर म्यूल डिअर हरीण मारायचा परवाना) लागलाय, कोलोरॅडोत मीकर गावाच्या पश्चिमेला, पीआन्स खोऱ्याच्या बाजूचं युनिट (शिकारीचा विभाग). निकाल बघितला त्या दिवशी जाम खूश होतो आणि दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला तर पोटात गोळाच आला, कारण त्या भागात मी आजवर एकदाही पाऊल टाकलेलं नाही.

सगळं सारखंच दिसतंय हो तिथे. सहा ते आठ हजार फुटांवरचा प्रदेश, सेजब्रशच्या झुडपांचे माळ, त्यात पिन्यन-ज्युनिपरच्या बुटक्या झाडीचे पट्टे आणि घळीच घळी. ओळखीचं शिखर नाही, तळं नाही, नजर कुठे थांबवायची तेच कळत नाही. मला चालायची सवय भरपूर आहे, दिवसाला बारा-पंधरा मैल सहज होतात, म्हणून विचार असा केलाय की अंधारात निघायचं आणि जमतील तितक्या घळी पालथ्या घालायच्या, कुठे ना कुठे हरीण उठेलच.

सीझनआधी जाऊन बघायला एकच वीकेंड मिळतोय, सप्टेंबरअखेर. सीझनमध्ये पाच दिवस सुट्टी. घरात आजवर कोणी शिकार केलेली नाही, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला. मोठ्या शिंगांचा हट्ट नाही, मांस घरी खायचंय. पण जनावर जखमी होऊन हातातून निसटलं तर काय, या विचाराने खरंच झोप उडते. प्लॅन बरोबर आहे का?

सेजब्रश_काका

अभिनंदन भाऊ. तुमच्या प्लॅनमधलं चालणं ऐंशी टक्के कमी करा, बाकी ठीक आहे. रागावू नका, मी ग्रँड जंक्शनला आल्यावर पहिला सीझन असाच काढला. चार दिवस घळी तुडवल्या आणि पळून जाणाऱ्या हरणांच्या पाठी बघितल्या. तुम्ही चालत असता तेव्हा तुम्ही हलताय आणि ते बसलंय, म्हणजे आधी कोण कोणाला बघणार ते ठरलेलंच आहे. त्याचे कान उगाच खेचरासारखे नाहीत.

उजाडायच्या आधी उंच सोंडेवर जाऊन बसायचं, तेही धारेवर आभाळासमोर उभं राहून नाही, चार पावलं खाली, ज्युनिपरला पाठ लावून. दहा बाय बेचाळीसची दुर्बीण हातात धरून उपयोग नाही, ट्रायपॉडवर लावा. हाताचा कंप गेला की जो फरक पडतो तो स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही. मग समोरचा उतार पट्ट्या पट्ट्यांनी बघायचा, डावीकडून उजवीकडे, आणि संपला की परत पहिल्यापासून. अख्खं हरीण शोधू नका, तसं ते दिसतच नाही. झाडांच्या उभ्या रेघांमध्ये एक आडवी पाठ, हललेला कान, पांढरा ढुंगणाचा डाग आणि त्यावर काळ्या टोकाची बारीक शेपटी, असले तुकडे शोधा. एकाच उतारावर दीड तास काढल्यावर, जिथे काहीच नव्हतं म्हणून तुम्ही शपथ घेतली असती तिथे तीन हरणं उभी असतात.

सकाळी ती उघड्यावर चरत असतात, ऊन चढलं की सावलीला बसायला जातात, बहुतेक वेळा उत्तरेकडच्या उतारावर. मोठा बक कड्याखाली अशा जागी बसतो की वारा पाठीमागून येतो आणि खालचं सगळं डोळ्यांसमोर असतं. तो बसला ती जागा नीट लक्षात ठेवा, समोरून फोटो काढा, कारण तुम्ही पलीकडे पोचता तेव्हा सगळी झाडं सारखीच दिसतात.

आणि वारा. पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, ऊन लागलं की उलटी वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ती पलटते तेव्हा काही काळ कुठूनही येते, त्या वेळात जवळ जायची घाई करू नका. वर गेलेली हवा स्थिर झाली की वरून उतरत जा. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि सतत उडवून बघा.

नकाशावाली

काकांनी सांगितलं त्यात मी जमिनीचं घालते, कारण त्या बाजूला हाच घोळ जास्त होतो. वरचे माळ बरेचसे बीएलएमचे (सरकारी सार्वजनिक जमीन सांभाळणारं फेडरल खातं) आहेत, पण ओढ्याकाठचा सपाट हिरवा पट्टा बहुतेक खाजगी, आणि रात्री हरणं नेमकी तिथे गवत खायला उतरतात. कोलोरॅडोत खाजगी जमिनीला पाटी किंवा कुंपण असलंच पाहिजे असं नाही, परवानगीशिवाय आत शिकार केली की गुन्हा. तेव्हा ऑनएक्स किंवा तसलं, जमीन कोणाची ते दाखवणारं अॅप घ्या, युनिटचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा कारण घळीत सिग्नल मिळत नाही, आणि सोबत कागदी नकाशाही ठेवा. गेट उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा. मीकरला बीएलएमचं ऑफिस आहे, आठवड्याच्या दिवशी फोन करून कोणता रस्ता कसा आहे ते विचारा. पाऊस झाला की तिथली चिकणमाती अशी होते की फोर बाय फोर पण आडवी सरकते.

तुमच्या एका वीकेंडबद्दल. सप्टेंबरमध्ये दिसलेल्या हरणांवर भरवसा ठेवू नका. त्यातली बरीच उन्हाळ्यात वर असतात आणि बर्फ पडायला लागला की खाली हिवाळ्याच्या जागेकडे सरकतात. म्यूल डिअर किती लांब जातात याची कल्पना नसते आपल्याला, वायोमिंगमध्ये रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत एक कळप दीडशे मैल जातो. म्हणजे सप्टेंबरचा बक ऑक्टोबरअखेर दुसऱ्याच खोऱ्यात असू शकतो. म्हणून त्या वीकेंडला हरणं शोधू नका, बसायच्या जागा शोधा. पाच-सहा सोंडा अशा, जिथून दोन-तीन उतार एकदम दिसतात आणि अंधारात हेडलॅम्पवर चढता येतं. गाडी कुठे लावणार, वाऱ्याची दिशा बदलली तर दुसरी कोणती, हे लिहून आणा.

ज्युनिपर_७

काकांशी थोडा वाद घालतो, मान ठेवून. दुर्बीण सगळीकडे चालत नाही. दाट पिन्यन-ज्युनिपर असेल तर वरून नुसते झाडांचे शेंडे दिसतात, आणि गोळीबार सुरू झाला की दुसऱ्या दिवशीपासून शहाणे बक तिथेच घुसतात. सेकंड सीझनला माज अजून आलेला नसतो, तो नोव्हेंबरच्या मध्यावर, त्यामुळे डो (मादी) बघून बक सापडेल हेही या वेळी फारसं नाही. अशा झाडीत वाऱ्याच्या तोंडाने, तासाला दोन-तीनशे यार्ड, बस. तीन पावलं आणि मग दोन मिनिटं नुसतं बघायचं, गुडघ्यावर बसून पण बघायचं, फांद्यांखालून पाय दिसतात. जोराचा वारा असेल त्या दिवशी हे फार चांगलं जमतं कारण तुमचा आवाज दबतो.

एक खूण सांगतो जी मला फार कामाला आली. म्यूल डिअर गवतापेक्षा झुडपांच्या कोवळ्या फांद्या जास्त खातो, बिटरब्रश, माउंटन महॉगनी, सर्व्हिसबेरी. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे तो फांदी ओढून तोडतो, टोक चिंध्या झाल्यासारखं दिसतं. सशाने खाल्लेली असेल तर सुरीने तिरकी कापल्यासारखी. चिंध्यांचं टोक ओलं, हिरवट दिसलं तर हरणं आत्ता इथे आहेत. गायी पण ओढूनच तोडतात म्हणा, तेव्हा आजूबाजूला शेण की लेंड्या तेही बघा.

शांत_नेम

भाऊ, तुमची झोप उडते ते वाचून बरं वाटलं, ती भीती असलीच पाहिजे. नऊ इंची कागदी प्लेट घ्या, साधारण तेवढाच भाग असतो खांद्यामागे फुप्फुसं आणि हृदयाचा. रेंजवर बेंचवरून नाही, जमिनीवर बसून, बॅगेवर रायफल टेकून, थोडं धावून दम लागलेला असताना मारा. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी प्लेटमध्ये बसते ते तुमचं अंतर. माझं अडीचशे यार्ड आहे आणि त्यापलीकडे मी कितीही चांगला बक असला तरी नुसता बघतो. उतारावर तिरपं मारताना आडवं अंतर धरायचं, तीस अंशाचा उतार आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) तीनशे यार्ड दाखवत असेल तर गोळीच्या हिशोबात ते दोनशे साठ, नाहीतर वरून जाते.

गोळी लागल्यावर ते कुठे उभं होतं ती जागा आणि शेवटचं कुठे दिसलं ती जागा, दोन्ही फोनमध्ये मार्क करा, मग अर्धा तास बसा. पोटात लागल्याची शंका असेल तर कितीतरी तास थांबावं लागतं, लगेच मागे धावलं तर ते उठून मैलभर जातं आणि मग खरंच हातातून जातं. गोळी मारायच्या आधी एकच विचारा स्वतःला, तिथून मी हे वर आणू शकेन का? हाडं काढून सुद्धा एका बकचं पन्नास-साठ पाउंड मांस होतं, प्लस डोकं.

टॅगवर लगेच सही करा, तारीख घाला आणि तो फाडून घ्या. नर असल्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे, कापताना हे विसरू नका. मांस पटकन गार करा, कापडी गेम बॅगमध्ये सावलीला टांगा, प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. आणि डोकं सीडब्ल्यूडीच्या (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा मेंदूचा जीवघेणा रोग) टेस्टला द्याच. हा रोग पहिल्यांदा १९६७ साली फोर्ट कॉलिन्सजवळच लक्षात आला होता आणि आज कोलोरॅडोच्या बऱ्याच कळपांत आहे. पॉझिटिव्ह आलेलं मांस खाऊ नका असं सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) सांगते, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत पाकिटांवर नाव घालून वेगळं ठेवा. फ्लुरोसंट नारिंगी किंवा गुलाबी पाचशे चौरस इंच, शिवाय टोपी, हे तर शिकारीच्या सुरक्षेच्या कोर्समध्ये झालंच असेल.

एच१बी_विवेकी

मधेच विचारतो, माफ करा. मी वर्क व्हिसावर आहे, मला हे करताच येत नाही का?

नकाशावाली

येतं. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, पण अपवादांमध्ये चालू हंटिंग लायसन्स आहे. म्हणजे आधी लायसन्स, मग रायफलला हात, आणि त्याची मुदत संपू द्यायची नाही. तरी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या, इथे चूक झाली तर फार महागात पडते.

रानवाट_डेन्वर

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितोय. स्काउटिंगला सहा सोंडा निवडल्या, त्यातल्या दोन सीझनमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांनी भरलेल्या होत्या, म्हणजे सहा निवडल्या ते बरंच झालं. पहिले तीन दिवस जवळजवळ फक्त डो आणि पिल्लं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक छान चार टोकांच्या शिंगांचा बक दिसला पण अॅपवर बघितलं तर तो कुंपणापलीकडे, खाजगीत. अंधार पडेपर्यंत बघत बसलो, तो काही अलीकडे आला नाही.

चौथ्या रात्री चार इंच बर्फ पडलं. पहाटे त्याच सोंडेवर बसलो आणि समोरच्या उतारावर जिथे तीन दिवस एकही हरीण नव्हतं तिथे अकरा मोजली, सगळी एका ओळीत खाली येत होती. मागे एक तरुण बक, दोन्ही शिंगांना एकेक फाटा. साडेनऊला हवा पलटली तोवर हललो नाही. मग वरून वळसा घालून उतरलो, सव्वादोन तास लागले. एकशे ऐंशी यार्ड, बसून, बॅगेवर. गोळी लागल्यावर चाळीस पावलं गेला. अर्धा तास थांबलो तेव्हा हात इतके थरथरत होते की फोनवर मार्क करता येईना. जवळ गेलो तेव्हा बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिलो, काय वाटलं ते लिहिता येत नाही.

मांस गाडीपर्यंत आणायला तीन फेऱ्या, शेवटची रात्री साडेदहाला. टेस्ट निगेटिव्ह आली. काल पहिल्यांदा शिजवलं.

सेजब्रश_काका

वाचून डोळ्यात पाणी आलं भाऊ. ती अकरा हरणं कुठल्या खिंडीतून उतरली ते नकाशावर आजच मार्क करून ठेवा, पुढच्या बर्फाला पण बहुतेक तिथूनच येतील.