गावच्या शाळेतून दहावी झाली, पुढच्या प्रवेशासाठी आत्ता काय करून ठेवायचं?

माळरान_२७
भाचीची दहावी झाली, निकाल लागायचाय. शाळा छोटी आहे आणि गावात अकरावी नाही. तालुक्याला सायन्स की जिल्ह्याच्या ठिकाणी पॉलिटेक्निक, यावर घरात चर्चा चालू आहे. तिला विजेच्या कामाची आवड आहे, म्हणून आयटीआयचंही नाव निघतं. आधारवरचं तिचं नाव शाळेतल्या नावापेक्षा वेगळं आहे. आम्ही ओबीसी, पण घरात जातीचा दाखला कुणीच काढलेला नाही. निकालाआधी काय काय उरकून घ्यावं? आणि फॉर्म भरताना लोक कुठे चुकतात?

दप्तर_कपाट
पहिलं काम नावाचं. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली तिची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह, जात आणि पोटजात, हे सगळे रकाने वाचा. जन्मस्थळ कोरं राहिलेलं आणि जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहिलेलं हमखास सापडतं. मुलगी पटावर आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवून दुरुस्ती करता येते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तेच काम फार जड जातं. म्हणून आधी नोंद तपासा, दाखल्याचा अर्ज नंतर द्या.

रजिस्टरमधलं नाव बरोबर असेल तर आधार त्याच्याशी जुळवून घ्या, उलटं करू नका. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे सेंटरवर पावती छापली की इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर तपासूनच तिथून निघा.

आता जातीचा दाखला. तुम्ही मामा, म्हणजे तुमच्या घरचे कागद इथे चालणार नाहीत. जात वडिलांकडून धरतात, त्यामुळे पुरावा तिच्या वडिलांच्या घराण्यातला लागतो. ओबीसीसाठी तो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा हवा (एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, व्हीजेएनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१). तिच्या आजोबांच्या प्राथमिक शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा मिळाला तर सगळ्यात उत्तम. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो आणि त्यानंतर नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. त्यासाठी सलग तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, मर्यादा वर्षाला ८ लाख. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो, म्हणून सुरुवात तलाठ्याकडून करा. निकाल लागला की सेतू केंद्रात रांगा लागतात, तेव्हा ही सगळी साखळी आत्ताच चालू करा.

एसटी_थांबा
फॉर्मबद्दल लिहितो. अकरावी, डिप्लोमा आणि आयटीआय या तीन वेगळ्या प्रक्रिया आहेत आणि तिन्हींचे अर्जही वेगळे. डिप्लोमा तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, आयटीआय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे. निर्णय झाला नसेल तर तिन्ही भरून ठेवा. फक्त शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो, तो प्रवेश पक्का होईपर्यंत कुठेही जमा करू नका.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून सबंध राज्यात ऑनलाइन झाले आहेत. पहिल्या भागात माहिती, दुसऱ्यात पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा कॉलेजं. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. त्यामुळे नावाजलेलं म्हणून लांबचं कॉलेज एक नंबरला टाकू नका. सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते, संध्याकाळची शेवटची किती वाजता, हे आधी डेपोत विचारा आणि मगच क्रम लावा. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पॉलिटेक्निकला गेली तर विद्यार्थी सवलतीचा पास, भाड्यात ६६.६७ टक्के सूट. रोजच्या ये-जा करणाऱ्या घराला हा फरक जाणवतो.

मोबाइल नंबर घरातलाच द्या, नेट कॅफेवाल्याचा अजिबात नको. सगळे ओटीपी त्यावर येतात. डिप्लोमाच्या अर्जात त्रुटी निघाली की तो दुरुस्तीसाठी परत पाठवतात. घरी वाटतं अर्ज भरून झालाय, आणि तिकडे मुदत संपते. अर्ज ‘कन्फर्म’ झाल्याचं दिसेपर्यंत रोज एकदा लॉगिन करून बघा.

तारजोड
आवड विजेची आहे तर वर्षांचा हिशेब मांडून बघा. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा. तो करून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. म्हणजे पदवीपर्यंत डिप्लोमाच्या वाटेने सहा वर्षं, सायन्सच्या वाटेनेही सहा, आयटीआयकडून सात. एका वर्षाच्या फरकात आयटीआयला हातात काम येतं. ही वाट कमी मार्कांच्या मुलांची म्हणून बाजूला टाकतात, ते मला पटत नाही.

सायन्स घेतलं तर एमएचटी-सीईटीत (बारावीनंतर इंजिनीअरिंगसाठीची प्रवेश परीक्षा) साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. अकरावी ‘आरामाचं वर्ष’ म्हणून सोडून दिली की बारावीचंही कळेनासं होतं.

मराठी माध्यम असेल तर खरी अडचण शब्दांची होते, विषयाची नाही. बालभारतीच्या साइटवर दहावीची पुस्तकं दोन्ही माध्यमांत मोफत मिळतात. ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ मधला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा घ्या आणि दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वहीत दोन रकाने पाडा. विद्युतधारा म्हणजे करंट, विभवांतर म्हणजे पोटेन्शियल डिफरन्स, रोध म्हणजे रेझिस्टन्स, वितळतार म्हणजे फ्यूज. अर्थ तिला येतोच, फक्त नाव बदलतं. असा रोज अर्धा धडा केला तर कॉलेज सुरू होईपर्यंत भौतिकचे धडे आरामात होतात. गणितात त्रिकोणमिती पक्की करून घ्या. लॉगॅरिदम दहावीला नसतं, पण डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात लागतं, तेवढं आधी बघून ठेवलेलं बरं.

माळरान_२७
फार उपयोगी माहिती, आभार सगळ्यांचे. एक अडचण: तिच्या वडिलांकडचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. मग जातीचा पुरावा कुठून काढायचा?

दप्तर_कपाट
आजोबांचे भाऊ-बहीण, पणजोबा, चुलत पणजोबा, यांपैकी कुणाचीही नोंद चालते. नातं वडिलांच्या बाजूचं रक्ताचं हवं आणि वंशावळीत दिसायला हवं. शाळा नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक बघा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदींसमोर जात लिहिलेली असते. साध्या अर्जात गावाचं नाव, घराण्याचं आडनाव आणि सालांचा टप्पा लिहा, उदाहरणार्थ १९३० ते १९६०. कुटुंब त्या काळात ज्या गावी राहत होतं ते गाव टाका, आजचं नव्हे. इथेच बहुतेकांचा शोध फसतो. जुनी नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. आणि मोबाइलवर फोटो काढून थांबू नका, सही-शिक्क्याची नक्कल मागा. दोन प्रती घ्या. एक प्रांत कार्यालयात लागेल, दुसरी पुढे जात पडताळणीला.