मगवॉर्ट, सेंटेला आणि लाल जिनसेंग: मुरुमांचे औषध चालू असताना वापरावे का?

शाहूपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय चाळिशीच्या आसपास असून त्वचा मुळात तेलकट आहे, परंतु गालांवर लाली चटकन चढते. मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले अ‍ॅडापॅलीनचे जेल मी अलीकडेच रात्री लावू लागले आहे. पुण्याच्या भाचीने मला तीन कोरियन वस्तू भेट दिल्या आहेत: मगवॉर्ट या वनस्पतीच्या अर्काचे इसेन्स (पाण्यासारखे पातळ द्रव), सेंटेलाचे अ‍ॅम्प्युल (जास्त तीव्र अर्काचे द्रव) आणि लाल जिनसेंगचे दाट क्रीम. तिन्ही एकापाठोपाठ एक, सकाळ-संध्याकाळ लावावीत असा तिचा आग्रह आहे. जेलसोबत हे चालेल का? शिवाय, सेंटेला म्हणजे आपल्याकडे ओलसर जागी पसरणारी ब्राह्मीच असेल, तर काष्ठौषधींच्या दुकानातून तिचे चूर्ण आणून लेप लावल्याने तोच गुण येईल का?

खलबत्ता

ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, त्यामुळे आधी चूर्णाविषयी लिहितो. सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी. कोकणात तिला कारिवणा म्हणतात. बाजारात ब्राह्मी मागितली तर कधी ही मिळते आणि कधी बाकोपा ही अगदी वेगळी वनस्पती मिळते, आणि वाळून चूर्ण झाल्यावर दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड जाते. वनस्पती खरी निघाली तरी प्रश्न सुटत नाही. जखम भरण्यासाठी आणि दाह कमी करण्यासाठी ज्या अर्काचा औषध म्हणून अभ्यास झाला आहे, त्यात एशियाटिकोसाइड हे तिच्यातले मुख्य गुणकारी द्रव्य सुमारे ४० टक्के आणि एशियाटिक व मॅडेकॅसिक ही आम्ले प्रत्येकी सुमारे ३० टक्के अशी ठरावीक रचना असते. चूर्णात हीच द्रव्ये अत्यल्प असतात आणि त्यांच्यासोबत माती, तंतू व जंतूही येतात. अ‍ॅडापॅलीनमुळे आधीच नाजूक झालेल्या गालांवर असा खरखरीत लेप घासणे मला योग्य वाटत नाही.

बाटलीतल्या सेंटेलाला मात्र माझा विरोध नाही. ही वनस्पती केवळ कोरियाची आहे असेही नाही. तिच्यातील एशियाटिकोसाइडचा शोध मादागास्करमधल्या वनस्पतींवर काम करताना लागला आणि आजही कोरियन प्रसाधनांतला बराचसा अर्क त्याच बेटावरच्या पानांपासून येतो. तिच्यापासून केलेले मॅडेकॅसॉल नावाचे जखमेवरचे मलम कोरियात घरोघरी ओळखीचे आहे, आणि तिथल्या ग्राहकाचा या वनस्पतीवरचा विश्वास बराचसा औषधाच्या दुकानातून आलेला आहे. तुमच्या अ‍ॅम्प्युलमध्ये सुगंधी द्रव्य आणि जास्त अल्कोहोल नसेल, तर ते सकाळी लावायला हरकत दिसत नाही.

रंकाळावासी

काही वर्षे या वस्तू वापरणारी ग्राहक म्हणून लिहिते. जिनसेंगच्या क्रीमची परंपरा कोरियात खरोखर जुनी आहे. आज अमोरेपॅसिफिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने जिनसेंगचे पहिले क्रीम १९६६ मध्ये आणले. लाल जिनसेंग म्हणजे वेगळी जात नव्हे. साधारण सहा वर्षे वाढवलेले मूळ वाफवून वाळवतात, त्यात रंगाबरोबर जिनसेनोसाइड या घटकांचे स्वरूपही बदलते. परंतु ही महागडी क्रीमे कोरियाच्या कोरड्या, गोठवणाऱ्या हिवाळ्यात छान वाटतील अशी दाट असतात. आपल्याकडे जुलैत पाऊस आठवडाभर उघडत नाही, कपडे दोरीवर वाळत नाहीत, त्या हवेत तेलकट चेहऱ्यावर असे तीन थर चढवणे म्हणजे मुरुमांना आमंत्रण आहे. ते क्रीम थंडीत मानेला आणि हातांना लावावे, असे मी सुचवेन.

बाटलीवर पुढच्या बाजूला छापलेल्या मोठ्या टक्केवारीनेही भारावून जाऊ नये. अर्क ७० टक्के म्हणजे वनस्पती ७० टक्के नव्हे. त्या अर्काचा बहुतेक भाग पाणीच असू शकतो. बाटलीच्या मागच्या बाजूच्या घटकांच्या यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने, म्हणून जिनसेंगचे नाव यादीच्या शेवटी, अत्तराच्या आसपास सापडले तर किमतीचा विचार पुन्हा करावा. भारतात रीतसर आलेल्या वस्तूवर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. भेट म्हणून आलेल्या बाटलीवर तो नसेल, तर ती कोणत्या मार्गाने आली हे भाचीला विचारून घ्यावे.

शाहूपुरीकर

दोघांचेही आभार. चूर्णाचा विचार सोडला. बाटल्यांवर आयातदाराचे नाव आहे, ते पाहून घेतले. मगवॉर्टबद्दल मात्र कोणीच काही लिहिले नाही. भाचीच्या म्हणण्यानुसार लाली कमी करण्यासाठी तेच सर्वांत गुणकारी आहे. कदाचित संबंध नसेल, पण सांगून ठेवते: आमचे शेत करवीर तालुक्यात आहे आणि बांधावरचे गाजरगवत काढायला गेले की माझ्या पापण्यांवर आणि मानेवर खाजरे पुरळ उठते. नुसते त्याच्या जवळून गेले तरी कधीकधी तसे होते.

खलबत्ता

संबंध आहे, आणि तुमच्या साऱ्या माहितीत हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मगवॉर्ट ही आपल्या दवण्याच्या गोत्रातली वनस्पती. कोरियात तिला सुक म्हणतात, तिची कोवळी पाने तिथे सूप आणि तांदळाच्या केकमध्ये घालतात, आणि ती ज्या आर्टेमिसिया गटातली आहे त्याचा औषधी उपयोगही तिथे फार जुना आहे. कोरियन राजवैद्य हो जुन यांनी १६१० मध्ये पूर्ण केलेल्या आणि १६१३ मध्ये छापल्या गेलेल्या तोंगइ पोगाम या वैद्यकग्रंथाचा मान कोरियात आजही मोठा आहे, आणि जाहिरातींत त्या परंपरेचे दाखले सर्रास दिले जातात. तथापि गाजरगवत आणि मगवॉर्ट दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली आहेत. या कुळात सेस्क्विटर्पीन लॅक्टोन नावाची द्रव्ये आढळतात. गाजरगवताचे पुरळ प्रामुख्याने त्यांच्यामुळेच येते, आणि एकाने बिथरलेली त्वचा कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीलाही तशीच प्रतिसाद देऊ शकते. पापण्या आणि मान ही हवेतून येणाऱ्या कणांमुळे होणाऱ्या त्वचादाहाची नेहमीची ठिकाणे आहेत.

प्रत्येक मगवॉर्ट इसेन्समध्ये ही द्रव्ये उपद्रव करण्याइतकी असतातच, असा माझा दावा नाही. तरीही गालांवरची लाली घालवण्यासाठी नेमकी हीच बाटली तुम्ही चेहऱ्यावर लावू नये. कॅमोमाइल, झेंडू आणि कॅलेंड्युला यांचे अर्कही याच कुळातले आहेत, आणि संवेदनशील त्वचेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत ते हमखास सापडतात. सेंटेला मात्र कोथिंबिरीच्या कुळातली आहे आणि जिनसेंगचे कूळ आणखी निराळे, म्हणून त्यांना ही शंका लागू होत नाही.

रंकाळावासी

हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे भावजयीला हाच त्रास आहे, तिला आजच सांगते. शाहूपुरीकर ताई, पारंपरिक कोरियन काहीतरी वापरून पाहायची हौस असेल, तर जोसन या जुन्या राजघराण्याच्या काळात तिथे मूग दळून त्या पिठाने चेहरा धूत असत, म्हणजे ती रीत आपल्या घरातही होतीच. तांदळाचे धुवणही तिथे चेहऱ्याला लावत, परंतु ते भांड्यात भरून दोन-तीन दिवस ठेवू नये, आंबते. माझी आई आजरा घनसाळ तांदळाचे धुवण गुलाबाच्या कुंडीत ओतते आणि मला तो उपयोग जास्त पटतो.

खलबत्ता

मुगाचे पीठही अ‍ॅडापॅलीन अंगवळणी पडेपर्यंत थांबवावे. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते आणि सोलते, आणि त्या काळात नवीन काही सुरू केले तर त्रास कशाचा हे कळत नाही. त्यानंतर सेंटेलाचे अ‍ॅम्प्युल कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, एकाच जागी, किमान आठवडाभर लावून पाहा. खाज आली नाही तर सकाळी चेहऱ्याला लावा आणि वरून सनस्क्रीन लावा. पुढच्या तपासणीला जाताना गाजरगवताची गोष्ट तज्ज्ञांना आवर्जून सांगा. त्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून करायची पॅच चाचणी असते, ती करायची की नाही हे तेच ठरवतील.