‘म्यूयातुद्रुक’ला मराठीत काय म्हणाल?

दिवाळी अंकासाठी एस्टोनियाच्या मार्ट हेल्मेवर लेख लिहितेय आणि चार दिवस एका शब्दावर अडकलेय. माणूस कोण ते पटकन सांगते. इतिहास शिकलेला, १९९५ ते १९९९ मॉस्कोत एस्टोनियाचा राजदूत, मग २०१२ मध्ये निघालेल्या एक्रे नावाच्या कट्टर राष्ट्रवादी पक्षाचा बरीच वर्षं अध्यक्ष. मार्च २०१९ च्या निवडणुकीत पक्षाला १०१ पैकी १९ जागा मिळाल्या आणि युरी रातास यांच्या आघाडी सरकारात बाप गृहमंत्री, पोरगा मार्टिन अर्थमंत्री (घराणेशाहीचा मक्ता काही फक्त आपल्याकडे नाही). त्याच डिसेंबरात शेजारच्या फिनलंडमध्ये साना मारिन पंतप्रधान झाली, वय ३४, आणि ह्या गृहस्थांनी रेडिओवर बोलताना तिला ‘म्यूयातुद्रुक’ म्हटलं. इंग्रजी बातम्यांत सगळीकडे सेल्सगर्ल आलंय, मीही तेच लिहिलं, तर संपादक म्हणतात मराठी शब्द द्या. ‘विक्रेती’ लिहून बघितलं पण त्यात अपमानच उरत नाही, वाचणारा म्हणेल बरं मग? सुचवा काहीतरी.

—

दुकानातली पोरगी. विषय संपला.

—

संपला नाही हो दादा. मी टालिनला असतो, ऑफिसात रोज एस्टोनियन कानावर पडते, तोडकीमोडकी बोलतोही. म्यूया म्हणजे विकणारा किंवा विकणारी, दोन्ही, कारण त्या भाषेत लिंगच नाही, तो आणि ती दोघांना एकच ‘तेमा’. सुपरमार्केटच्या दारावर माणसं पाहिजेत म्हणून कागद लावतात त्यावर नुसतं म्यूया असतं. तुद्रुक म्हणजे मुलगी. आता गंमत बघा, आपल्याकडे ‘विकणारी’ म्हटलं की बाई आपोआप येते, क्रियापदातसुद्धा येते, टाळता येत नाही. तिथे ती आपोआप येत नाही, बोलणाऱ्याला मुद्दाम आणून चिकटवावी लागते. म्हणजे टोमणा दुकानात कमी आणि मुलगीत जास्त आहे. आणि मराठीत नुसती ‘मुलगी’ तेवढं खाली ओढत नाही, म्हणून पोरगीच पाहिजे असं मलाही वाटतं.

अवांतर: फिनिशमध्ये विकणाऱ्याला म्यूय्या म्हणतात, जवळजवळ तोच शब्द. मध्ये समुद्र फक्त ८० किलोमीटरचा. तिकडे अर्थ कळायला दुभाष्या लागला नसणार.

—

पोरगी शब्दावर उगाच खापर फोडू नका. आमच्या कोल्हापूरकडं स्वतःच्या लेकीला पोरगीच म्हणत्यात, त्यात अपमान कसला?

—

काका, लेकीला बाप म्हणतो ते वेगळं आणि गिऱ्हाईक म्हणतं ते वेगळं. माझी आई साड्यांच्या दुकानात एकवीस वर्षं काउंटरला होती. गादीवर बसून दिवसभर घड्या उलगडायच्या, परत घालायच्या, संध्याकाळी बोटांना तो खळीचा वास यायचा. पंचेचाळिशी उलटली तरी गिऱ्हाईक बायका “ए पोरी, ती वरची मोरपंखी काढ गं”, आणि त्यातल्या निम्म्या तिच्यापेक्षा लहान. शेजारी धोतराच्या बाजूला जे बसायचे त्यांना मात्र “अहो काका, जरा दाखवता का”. काम एकच, पगारही जवळपास तेवढाच. त्यामुळे हेल्मेंना काय म्हणायचं होतं ते मला डिक्शनरीशिवाय कळलं. ‘दुकानातली पोरगी’ला माझं +१.

—

धागाकर्ती: ताई, हे वाचून बराच वेळ नुसती बसले. आता पुढचा घोळ ऐका. गदारोळ झाला, एस्टोनियाच्या राष्ट्राध्यक्ष केर्स्टी काल्युलाइद यांनी फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षांना फोन करून माफी मागितली, आणि हेल्मेंनी काय सांगावं, की मी तर कौतुक करत होतो, तळातून माणूस किती वर जाऊ शकतो हे म्हणत होतो! त्याच बोलण्यात मारिनच्या मंत्र्यांना रस्त्यावरचे आंदोलक आणि अशिक्षित म्हटलेलं होतं, म्हणजे कौतुक कसलं ते दिसतंच आहे. संसदेत त्यांच्यावर अविश्वास ठराव आला, तो काही पास झाला नाही.

मारिनने उत्तर दिलं त्याचा भावार्थ असा, की मला फिनलंडचा अभिमान आहे, इथे गरीब घरातलं मूल शिकू शकतं आणि दुकानातल्या कॅशियरचा पंतप्रधानही होऊ शकतो. (तिने शिकताना खरंच गल्ल्यावर काम केलेलं आहे.) फिनिशमध्ये तिचा शब्द होता ‘काउपान कास्सा’, दुकानातला गल्ला किंवा गल्ल्यावरचं माणूस.

—

टालिनवाला परत: बघा म्हणजे, तिने दुकान ठेवलं आणि मुलगी काढून टाकली! भाषांतरात हे जपा प्लीज. त्याच्या तोंडी ‘दुकानातली पोरगी’, तिच्या तोंडी ‘गल्ल्यावर बसणारं माणूस’. तिथे चुकूनही पोरगी येऊ देऊ नका.

आणि गृहमंत्री बरोबरच आहे, पण तिकडचा शब्द सिसेमिनिस्टर, म्हणजे आतला मंत्री. आपलं गृह इंग्रजांच्या होमवरून आलं, त्यांना घराशी देणंघेणं नाही, फक्त आत आणि बाहेर.

—

मग ह्या आतल्या मंत्र्याला बाहेर कधी काढलं?

—

धागाकर्ती: काढलं नाही, स्वतः गेले. नोव्हेंबर २०२०, परत तोच रेडिओ, अमेरिकेची निवडणूक नुकतीच झालेली, बापलेक दोघं म्हणाले मतांत घोटाळा झालाय, वर बायडन आणि त्याचा मुलगा भ्रष्ट. नाटोमधल्या सव्वा-तेरा लाख वस्तीच्या देशाचा गृहमंत्री अमेरिकेबद्दल हे बोलतो म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला, राजीनामा. तोही पत्रकारांच्या नावाने बोटं मोडत. मुलगा जानेवारी २०२१ ला सरकार पडेपर्यंत अर्थमंत्री राहिला.

—

राजीनामा शब्द निघालाच आहे तर सांगतो, मी महसूल खात्यातून रिटायर. मुळात फारसी, राजी असल्याचं लिहून दिलेलं पत्र. हिंदीत अजून तडजोडीच्या कागदाला म्हणतात. आपल्याकडे जुन्या दप्तरांत राजीनामा-कबुलायत अशी जोडी सापडते, जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणारा कबुलायत. सोडण्याचा अर्थ मराठीत तिथूनच रुळला असावा. तुमच्या हेल्मेंची राजी कुठे दिसत नाही, पण नामा आहे.

—

धागाकर्ती: काका, हे चौकटीत टाकू का अंकात?

—

टाका की, पण जोडी पुरी टाका. कबुलायत विसरू नका, लोक नेहमी तीच विसरतात.