फीड रीडरने शेअर आणि टिप्पण्या काढून टाकल्या, आमचा कट्टा कुठे हलवू?

भुसावळकर:
सहा वर्षं एकाच फीड रीडरमध्ये (वेगवेगळ्या साइट्सची फीड्स, म्हणजे नव्या लेखांच्या याद्या, एकाच जागी दाखवणारं ॲप) वाचतोय. लेख आवडला की शेअर करायचा, वर दोन ओळी लिहायच्या, आणि आम्ही सात जण तिथेच भिडायचो. यावलच्या मित्राची केळीची बाग आहे. रात्री मोटर चालू करायला उठला की वाचायचा. करप्यावरचा (केळीच्या पानांचा रोग) एक लेख टाकला, तर पठ्ठ्याने खाली स्वतःच्या पानांवरच्या पिवळ्या रेघांबद्दल बारा ओळी लिहिल्या. मूळ लेखापेक्षा त्या कामाच्या होत्या. मंगळवारी अपडेट आलं आणि शेअर, फॉलो, टिप्पण्या सगळं गेलं. त्याचा फोन आला, "भो, आता बोलायचं कुठे?" फार जीव तुटला.

धुळेकरीण:
आधी ओपीएमएल फाइल, म्हणजे तुम्ही जोडलेल्या फीड्सची यादी, उतरवून घ्या, दुसऱ्या रीडरमध्ये सगळी फीड्स येतील. पण त्यात फक्त फीडचे पत्ते असतात, टिप्पण्या नाहीत.

चोपड्याचा वाचक:
व्हॉट्सॲप ग्रुप करा की.

भुसावळकर:
केला. सकाळच्या फुलांच्या फोटोंखाली लेख दबतो, आणि महिन्यानंतर कोण काय म्हणालं ते सापडत नाही.

अमळनेरकर:
प्रत्येकाने छोटा ब्लॉग काढा. लेखाचा दुवा आणि आपल्या दोन ओळी, बस. बहुतेक ब्लॉगला आरएसएस फीड (रीडरला नवे लेख कळवणारं) असतंच, बाकी सहा जणांनी ते आपल्या रीडरमध्ये जोडायचं. टिप्पण्या ब्लॉगवरच राहतील.

भुसावळकर:
हे जमेल. रविवारी यावलला जातोय, पहिला त्याचाच काढून देतो.