विषय: चॅनलवर देवनागरीऐवजी युरोची चिन्हं

प्रेषक: मेधा (टांपेरे)

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या कामांचा आपला आयआरसी (इंटरनेटवरच्या मजकुरी गप्पांचा) चॅनल मी विद्यापीठाच्या दूरच्या मशीनवर एसएसएचने जाऊन, टीमक्समध्ये (टर्मिनलची सत्रं सांभाळणारा प्रोग्रॅम) चालणाऱ्या इर्सी या चॅट क्लायंटमध्ये वाचते. सगळे रोमनमध्ये लिहीत होते तोवर ठीक होतं. कामांची वाटणी देवनागरीत यायला लागल्यापासून घरच्या विंडोजवर, पुटी या एसएसएचच्या प्रोग्रॅममधून, काहीच वाचता येत नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, त्यापुढे युरोचं चिन्ह, मग एखादं भलतंच अक्षर, आणि हीच माळ ओळ संपेपर्यंत. ऑफिसच्या लिनक्स लॅपटॉपवरून त्याच मशीनवर गेले तर नुसत्या अंडरस्कोरच्या रांगा. दोन्हीकडे नोटोचा देवनागरी फाँट घातला. काही फरक नाही.

समितीच्या बैठकीत सूचना आली की उत्सव होईपर्यंत पुन्हा रोमनमध्येच लिहावं. तसं ठरण्याआधी कोणी उपाय सांगेल का?

मेधा

प्रेषक: निखिल (एस्पो)

मेधाताई,

रोमनकडे परत जायची काही गरज नाही. आपल्या मराठी शाळेतली मोठी मुलं आता त्या चॅनलवर वाचायला येतात. वर्गात शिकलेली अक्षरं कामाच्या जागी वापरलेली त्यांना आणखी कुठे दिसणार? जे बिघडलंय ते दुरुस्त होण्यासारखं आहे, तेवढं करू.

या मेल-यादीच्या नियमाप्रमाणे कमांडही देवनागरीत लिहितो, टाइप करताना अर्थातच रोमन.

तुमच्या दोन मशीनवर दोन वेगळे बिघाड आहेत आणि फाँटचा त्यात हात नाही. फाँट नसेल तर चौकोन दिसतात. तुम्हाला चौकोन दिसत नाहीत, म्हणजे अक्षर फाँटपर्यंत पोचायच्या आधीच काहीतरी चुकतंय.

आधी पुटी. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि हलन्त तीन-तीन बाइटचे असतात. पहिला बाइट कायम ई-शून्य (हे बाइटचे सोळाच्या पद्धतीतले क्रमांक), दुसरा ए-४ किंवा ए-५, तिसरा अक्षराप्रमाणे बदलणारा. हे तीन बाइट एक अक्षर म्हणून न वाचता सुटे वाचले की ई-शून्यचा होतो रेघवाला ए. ए-४ हा एका बाइटला एक अक्षर देणाऱ्या जुन्या लॅटिन-१ या अक्षरसंचात चलनाचं गोल चिन्ह होतं. युरो आल्यावर १९९९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आयएसओ ८८५९-१५ निघाली आणि त्याच जागी युरोचं चिन्ह बसलं. म्हणून तुमच्याकडे 'म' म्हणजे ए, युरो आणि वर्तुळातला आर, तर 'र' म्हणजे ए, युरो आणि अंशाचं चिन्ह. मधूनमधून युरोऐवजी येनचं चिन्ह दिसत असेल, तिथे दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा हलन्त आहे, कारण त्यांचा दुसरा बाइट ए-५ असतो.

युरो दिसतोय यावरूनच कळतं की पुटीत ८८५९-१५ लावलेलं आहे. फिनलंडमध्ये हे नवल नाही. आयआरसीचा जन्मच इथला, १९८८ मध्ये ओउलू विद्यापीठात. इथल्या चॅनलवर वर्षानुवर्षं ए आणि ओवरचे दोन ठिपके लॅटिनच्या बाइटमध्ये जात होते, त्यामुळे जुन्या जतन केलेल्या सेटिंगमध्ये हा प्रकार अजून भेटतो. पुटीत विंडो, मग ट्रान्सलेशन, तिथे रिमोट कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा. नंतर सेशनच्या पानावर जाऊन सेव्ह दाबायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी जुनंच सेटिंग उघडेल.

आता अंडरस्कोर. समोरच्या टर्मिनलला यूटीएफ-८ कळत नाही असं टीमक्सला वाटलं की दाखवता न येणाऱ्या अक्षरांच्या जागी ते अंडरस्कोर टाकतं. हे ते ठरवतं एलसी-ऑल, एलसी-सीटाइप आणि लँग या व्हेरिएबलवरून. ऑफिसचा लॅपटॉप एसएसएच करताना स्वतःचं लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाचं सेटिंग) पलीकडे पाठवत असणार, आणि ते जुनं असणार. पलीकडे गेल्यावर नुसतं 'लोकेल' टाइप करून बघा. शेवटी यूटीएफ-८ नसेल तर लॅपटॉपवर लँग बदला. तोवर 'टीमक्स', 'डॅश यू', 'अटॅच' असं जोडून घ्या. इथला 'डॅश यू' लहान लिपीतला. टीमक्सऐवजी जीएनयू स्क्रीन वापरणाऱ्यांनी कॅपिटल यू द्यावा.

एक काम मात्र आजच करा. इर्सीत 'स्लॅश सेट टर्म अंडरस्कोर चारसेट' एवढंच टाइप करून काय उत्तर येतं ते कळवा. चारसेट म्हणजे अक्षरसंच. तिथे लॅटिन असेल तर येणाऱ्या देवनागरीची इर्सी प्रश्नचिन्हं करतं. आणि बाहेर जाणाऱ्या मजकुराचं चारसेट लॅटिन असेल तर तुम्ही लिहिलेलं सगळ्यांकडेच प्रश्नचिन्हं होऊन जातं. युरोच्या माळेतून मूळ बाइट परत मिळवता येतात, प्रश्नचिन्हातून काहीही मिळत नाही.

निखिल

प्रेषक: अनंत (ओउलू)

चि. निखिल,

उत्तम लिहिलंस. माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. माझ्याकडे चारसेट, लोकेल सगळं यूटीएफ-८ आहे. जुन्या संगणकावर मी ग्राफिकल खिडक्या न उघडता थेट लिनक्सच्या काळ्या पडद्यावर वीचॅट (इर्सीसारखाच चॅट क्लायंट) चालवतो, तिथे नुसते चौकोन. खिडक्या उघडून एक्सटर्म हे टर्मिनल लावलं तर अक्षरं दिसतात, पण 'किती' लिहिलं की पहिली वेलांटी 'क'च्या नंतर पडते आणि 'स्त्री'ची तीन सुटी अक्षरं हलन्तासकट उभी राहतात. चार फाँट बदलून पाहिले. डोळ्यांना त्रास होतो आणि वाचायचा वेग निम्म्यावर येतो. कोणता फाँट घालू?

अनंतकाका

प्रेषक: निखिल (एस्पो)

काका, नमस्कार.

काळ्या पडद्याचा नाद सोडा. लिनक्सच्या मूळ कन्सोलला एका वेळी फार तर ५१२ आकृत्या ठेवता येतात आणि अक्षरं जोडायची सोय त्यात अजिबात नाही. तिथे देवनागरी नीट दिसणार नाही.

एक्सटर्मचं कारण वेगळं आहे. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद, एका चौकटीत एक अक्षर. 'किती' साठवताना क्रम असतो क, वेलांटी, त, वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे नेणं, 'स', 'त', 'र' एकमेकांत मिसळणं, हे काम फाँटमधले नियम आणि ते नियम वाचणारं इंजिन मिळून करतात. लिनक्सवर ते बहुधा हार्फबझ असतं. एक्सटर्म त्याला विचारतच नाही, अलाक्रिटी हे टर्मिनलही नाही. म्हणून कितीही फाँट बदलले तरी वेलांटी जागेवर येणार नाही. बदलायचं आहे ते टर्मिनल.

एमएलटर्म हे टर्मिनल लावून बघा. ते बहुभाषक लिप्यांसाठीच बनवलेलं आहे. केडीई या डेस्कटॉपचं कॉन्सोल नावाचं टर्मिनलही अक्षरं जोडतं, आणि मॅक असेल तर त्याचं स्वतःचं टर्मिनल बरं चालतं. फाँटसाठी डेबियन लिनक्सवर लोहित देवनागरीचं पॅकेज पुरे. 'एफसी-लिस्ट', मग कोलन, लँग, बरोबर, एमआर असं दिलं की मराठीला चालणारे सगळे फाँट यादीत दिसतील.

एक अडचण तरीही राहील, आणि ती आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुन्हा फाँट शोधत बसणार नाही. 'स्त्री'साठी नेहमीच्या हिशेबात चार चौकटी राखल्या जातात: स, त, र आणि दीर्घ वेलांटी. दोन्ही हलन्तांना शून्य. जोडाक्षर झाल्यावर दिसतं एकच अक्षर. मग कुठे शब्दानंतर रिकामी जागा दिसते, कुठे अक्षर ताणलं जातं, कुठे कर्सर मजकुराच्या पुढे धावतो. त्यातही चॅट क्लायंट आणि टर्मिनल वेगवेगळं मोजत असतील तर जुन्या ओळीचे तुकडे पडद्यावर उरतात. असं झालं की कंट्रोल-एल दाबा, इर्सी आणि वीचॅट दोन्ही पडदा नव्याने रंगवतात. या मोजणीवर गेली काही वर्षं टर्मिनल लिहिणारी मंडळी मनापासून काम करताहेत, त्यामुळे आपलं टर्मिनल अद्ययावत ठेवणं फायद्याचं.

आणि काका, तुमच्या लांब सूचना तुकडे करून पाठवाल का? आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटचा, त्यातच चॅनलचं नाव आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. तीन बाइटला एक अक्षर या हिशेबाने मात्रा धरून दीडशेच्या आतबाहेर अक्षरं मावतात. नीट लिहिलेला क्लायंट ओळ स्वतः तोडतो. पण मधल्या कुठल्या स्क्रिप्टने बाइट मोजून कापली तर शेवटच्या अक्षराचा एखादाच बाइट उरतो आणि तिथे काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह येतं.

निखिल

प्रेषक: मेधा (टांपेरे)

निखिल, मनापासून आभार. पुटी लगेच सुधारलं. ऑफिसच्या लॅपटॉपवर लँग जुनंच निघालं, तुझा अंदाज बरोबर होता. टर्म-चारसेट यूटीएफ-८ आहे.

आता वाचता येतंय म्हणून एक गोष्ट लक्षात आली आणि ती महाप्रसादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मी चॅनलवर लिहिलं, 'आचाऱ्यांना आठ वाजता हॉलची किल्ली द्या'. माझ्या पडद्यावर ते बरोबर आहे. पण काकांची स्क्रिप्ट रोजचा चॅनल वेबपानावर उतरवते, तिथे त्याचं 'आचार्यांना' झालंय. पूजा सांगणारे गुरुजी साडेदहाला येणार आहेत. किल्ली स्वयंपाकवाल्यांना हवी आहे.

मेधा

प्रेषक: निखिल (एस्पो)

ताई, बरं झालं वेळेवर दिसलं. तुमचा कीबोर्ड तो 'ऱ्या' लिहिताना साधा र, हलन्त, त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह आणि मग य असा क्रम पाठवत असणार. ते चिन्ह गाळलं की उरतो र, हलन्त, य, आणि त्याचा रफार होतो. वेबपानाच्या स्क्रिप्टमध्ये अदृश्य अक्षरं काढून टाकणारी एक ओळ आहे, मी आत्ताच पाहिली.

काका, ती ओळ सरसकट सगळी अदृश्य अक्षरं काढते. तिच्यातून झेडडब्ल्यूजेचा २००डी हा क्रमांक वगळा, बाकी तशीच राहू द्या. ताई, तोवर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून र टाइप करा. तो नुक्त्याचा ऱ स्वतंत्र अक्षर आहे, त्याला अदृश्य चिन्ह लागत नाही, त्यामुळे तो कुठल्याही स्क्रिप्टमधून सुखरूप जातो. किल्लीचा निरोप मात्र आज पुन्हा टाका, आणि स्वयंपाकवाल्यांना एक फोनही करा.

निखिल