कॅरी-रॉलीच्या जवळपास बँजो शिकायचाय, ब्लूग्रास जॅम कुठे? सल्ला हवा

मंजिरी_कॅरी
नमस्कार मंडळी. पुण्याहून नॉर्थ कॅरोलिनाला आल्यापासून इथल्या ब्लूग्रासने, म्हणजे इथल्या वेगवान तारवाद्यांच्या लोकसंगीताने, पार वेड लावलंय. फिडल, मँडोलिन सगळंच आवडतं पण बँजो सुरू झाला की बाकी काही ऐकूच येत नाही. (आपल्याकडे गणपतीत बटणं दाबून वाजवतात तो नव्हे, पाच तारांचा.) लहानपणी सतार शिकलेय, नखी घालून वाजवायची सवय आहे, आता हे नीट शिकायचं ठरवलंय. बजेट ५०० ते ७०० डॉलर. दुकानात एक मागून बंद आणि एक मागून उघडा असे दोन दाखवले, फरक विचारला तर म्हणे दोन्ही चांगले! नवशिक्याला जॅममध्ये (सगळे जमून एकत्र वाजवतात ती बैठक) बसू देतात का, की नुसतं ऐकायचं? मुलगी दहा वर्षांची आहे, तिलाही न्यायचंय. गाडीने तीन तासांपर्यंत जायची तयारी आहे. यूट्यूबच्या लिंका नकोत प्लीज, माणसं हवीयत.

डरहॅमचा_दिनू
मंजिरी, बँजो नंतर घे, आधी दोन-तीन ठिकाणी जॅमला जाऊन बस. हे मी प्रत्येकाला सांगतो कारण इथे वाद्य कुठलं घ्यायचं हे तू कोणाबरोबर वाजवणार त्यावर ठरतं. मागून बंद असतो त्याला रेझोनेटर, आवाज पुढे फेकतो, ब्लूग्रासवाल्यांचा तोच. अंगठ्यात प्लास्टिकची आणि दोन बोटांत धातूची नखी घालून तीन बोटांनी वाजवतात. उघडा तो ओपन बॅक, ओल्ड टाइमवाल्यांचा, म्हणजे ब्लूग्रासच्या आधीचं जुनं संगीत वाजवणाऱ्यांचा, त्यात नख्या बहुतेक नसतातच, बोटाच्या नखाने तारेवर वरून खाली मारायचं आणि लगेच अंगठ्याने पाचवी तार, याला क्लॉहॅमर म्हणतात. पाचवी तार आखूड असते, पाचव्या पडद्यापाशी सुरू होते आणि धून काहीही असो ती मधेमधे वाजत राहते, तुला सतारीतली चिकारी (मधेमधे छेडायची तार) माहितीये त्यामुळे हे लगेच कळेल. पण उजव्या हाताची चाल दोन्हीत पूर्ण वेगळी आहे, एक बसली की दुसरी परत पहिल्यापासून शिकावी लागते.

रॉलीत पाइनकोन म्हणून संस्था आहे, १९८४ पासूनची, पारंपरिक संगीतासाठीच काढलेली. जॅम, मुलांचे जॅम, उन्हाळ्यात ब्लूग्रास कॅम्प, सगळं असतं, तारखा त्यांच्या कॅलेंडरवर बघ.

शेल्बीवारी
दिनूशी सहमत, पण ब्लूग्रास आवडलंय म्हणतेस ना, मग तीन बोटांचाच शीक, मधेच ओल्ड टाइमकडे वळू नकोस. आणि एकदा शेल्बीला जाच, तुझ्याकडून तीन-साडेतीन तास. तीन बोटांच्या बँजोचा मोठा वादक अर्ल स्क्रग्ज तिथलाच, १९२४ साली क्लीव्हलँड काउंटीत जन्मला. तीन बोटांनी वाजवणारे त्या भागात आधीही होते, स्नफी जेंकिन्स वगैरे, पण स्क्रग्जने तो हात इतका सफाईदार आणि वेगवान केला की १९४५ च्या डिसेंबरात तो बिल मन्रोच्या (ब्लूग्रासचा जनक मानतात तो) बँडमध्ये आला आणि ब्लूग्रासचा आजचा आवाज तिथून पक्का झाला. बँडमध्ये यायच्या आधी कापडगिरणीत काम करायचा हो हा माणूस! शेल्बीच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत २०१४ पासून त्याच्या नावाचं सेंटर आहे, मुलीला दाखव.

आधी फक्त रोल घोट. रोल म्हणजे उजव्या हाताचा आठ ठोक्यांचा ठरलेला क्रम, एकच बोट सलग दोनदा शक्यतो येत नाही. डावा हात नंतर. बँजो ओपन जी मध्ये जुळवलेला असतो त्यामुळे मोकळ्या ताराच जी कॉर्ड देतात, रोल बसले की महिन्याभरात काहीतरी गाण्यासारखं वाजायला लागतं आणि हुरूप येतो.

पडदे_नकोत
शेल्बीवारी, राग नको पण नवशिक्याला ब्लूग्रास जॅम जड जातो. तिथे गाण्याच्या मधे प्रत्येकाकडे एकट्याने वाजवायची फेरी येते, वेगही भरपूर. ओल्ड टाइममध्ये फेऱ्या नसतात, सगळे एकदम तीच धून वाजवतात, दहा-दहा मिनिटं तीच, तिसऱ्या-चौथ्या वेळेला ती आपोआप हातात उतरते, चुकलं तरी कोणाला कळत नाही. शिकायला याहून चांगली जागा नाही.

मंजिरीताई, तुम्ही माउंट एअरीला जा. दोन-अडीच तास. तिथल्या राउंड पीक भागाची स्वतःची पद्धत आहे, टॉमी जॅरेल (१९०१-१९८५), फ्रेड कॉकरहॅम, काइल क्रीड ही त्यातली मोठी माणसं. बिनपडद्याचे बँजो वाजवायचे, स्वर घसरत घसरत येतो, सतारीच्या मींडेची सवय असलेल्या कानाला हे फार गोड लागतं. क्रीड स्वतः बँजो बनवायचा आणि बोट गुळगुळीत सरकावं म्हणून दांडीवर फॉरमायका लावायचा, हो, आपल्या किचन ओट्यावरचा फॉरमायका! जॅरेलच्या घरी तर कुठून कुठून पोरं शिकायला यायची, स्वयंपाकघरात बसून वाजवायचा त्यांच्याबरोबर. गावात डब्ल्यूपीएक्यू हे रेडिओ स्टेशन १९४८ पासून चालू आहे, शनिवारी त्यांचा कार्यक्रम अर्ल थिएटरमधून लाइव्ह होतो, समोर बसून ऐकता येतो. आणि ऑगस्टमध्ये गॅलॅक्स, व्हर्जिनियात आहे पण माउंट एअरीहून जवळच. १९३५ पासूनचं फिडलर्स कन्व्हेन्शन. स्टेजवर स्पर्धा चालते ती चालू दे, खरी मजा तंबू आणि गाड्यांच्या मधे, रात्रभर ठिकठिकाणी घोळके वाजवत बसलेले असतात आणि कोणीही खुर्ची टाकून बसावं.

अनघा_मेबन
सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितेय. बँजो मुळात आफ्रिकन लोकांचा, गुलाम करून इकडे आणलेल्या लोकांनी तो इथे घडवला, भोपळा, त्यावर कातडं आणि अंगठ्याने वाजवायची ती आखूड तार. या राज्यात तो वारसा अगदी कालपरवापर्यंत जिवंत होता. आमच्या मेबनचे जो थॉम्पसन, २०१२ मध्ये गेले, फिडल वाजवायचे आणि त्यांचा चुलतभाऊ ओडेल बँजो. २००५ साली बूनला कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा झाला, तिथे भेटलेली तिघं तरुण मंडळी नंतर जोंच्या घरी नियमित शिकायला जायची, त्यातूनच कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला आणि २०११ ला ग्रॅमी मिळालं. त्यातली रायनन गिडन्स ग्रीन्सबरोची. जॅमला जायच्या आधी जोंचं वादन ऐकच, गुरूकडून समोर बसून शिकणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको, आणि ही धून कोणाकडून आली हे माहीत असलं की ती वेगळीच वाजते.

मंजिरी_कॅरी
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! अनघा, आज ऐकते. दिनू, जॅममध्ये वागायचं कसं तेवढं सांग, आणि जुना बँजो बघताना काय तपासू?

डरहॅमचा_दिनू
वागायचं सोपं आहे. गोलात सगळे बसतात, जो गाणं सुचवतो तो पट्टी सांगतो, जी, ए, डी असं काहीतरी. जमत नसेल तर गोलाच्या मागे बसून हळू वाजव, ते चालतं, विचारायलाही नको. तुझी फेरी आली आणि नको असेल तर मान हलवायची, पुढच्याकडे जाते, कोणी मनाला लावून घेत नाही. कोणी गात असताना त्याच्यावर चढून वाजवू नकोस, बँजो मुळात मोठ्याने वाजतो. दोन गाण्यांच्या मधे टुणटुण करत बसू नये. ट्यूनर लाव. आणि गाणं सुरू करणाऱ्याने पाय उचलला की शेवटची वेळ, थांबायची तयारी ठेव.

जुना घेताना घोडी (कातड्यावर उभी असते, तारा तिच्यावरून जातात) बघ. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते, त्यामुळे सरकलेली असते आणि लोकांना वाटतं वाद्यच बेसूर आहे. बाराव्या पडद्यावर नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर एक आला पाहिजे, नसेल तर घोडी किंचित पुढेमागे कर. त्याने जुळलं तर बिनधास्त घे. दांडी वाकलेली असेल तर मात्र सोड. कातड्याच्या जागी आता प्लास्टिक असतं, ते सैल वाटलं तर कडेचे नट आवळता येतात, एका जागी खूप नाही, गोल फिरून थोडं थोडं. पाचव्या तारेसाठी सातव्या-नवव्या पडद्यापाशी बारीक खिळे मारलेत का बघ, खेळण्यातल्या रेल्वेचे खिळे असतात ते, पट्टी बदलली की तार त्याखाली अडकवायची. नसतील तर दुकानात बसवून मिळतात.

डीअरिंग कंपनीचा गुडटाइम बँजो जुना मिळाला तर तुझ्या बजेटात आरामात बसेल. ओपन बॅक दोन किलोच्या आसपास, मुलीलाही मांडीवर झेपेल. तीन बोटांचं ठरलं तर त्याच्यावरही शिकता येतं, रेझोनेटरवाला नंतर. जॅमची तारीख ठरली की इथे टाक, मी मँडोलिन घेऊन येतो.