जुन्या धर्तीचं सिंगल सिलिंडर इंजिन, कार्बोरेटरमधून पेट्रोल मागे फेकतंय, नक्की कुठला पार्ट पकडू?

ऐरोलीकर_टर्नर
नमस्कार मंडळी, आम्ही मित्र मिळून डेमलर आणि मायबाख या जर्मन इंजिनिअरांच्या १८८५ च्या इंजिनासारखं छोटं फोरस्ट्रोक बनवतोय, मशीनिंग रबाळे एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व कॅमवर (फिरत्या उंचवट्यावर) आहे पण मिश्रण आत घेणारा इनटेक ऑटोमॅटिक, पिस्टन खाली आला की व्हॅक्यूमने उघडतो आणि हलक्या स्प्रिंगने बसतो. हॉट ट्यूबच्या (मिश्रण पेटवणारी तापलेली नळी) जागी कॉइल-प्लग लावलाय. हँडल मारलं की पकडतं, हळू छान चालतं, पण स्पीड जरा वाढला की कार्बोरेटरच्या तोंडातून फवारा मागे येतो आणि बंद पडतं. व्हॉल्व २० मिमीचा, लिफ्ट (उघडतो ते अंतर) ५ मिमी, कारण व्यासाचा चौथा हिस्सा असं वाचलंय. प्लग बदलला, टायमिंग मागेपुढे करून झालं, फरक शून्य.

वागळे_इस्टेट_फिटर
पोरांनो, आधी टायमिंगला हात लावणं सोडा. फवारा मागे येतोय म्हणजे कॉम्प्रेशन सुरू झालं तरी इनटेक बसलेला नाही. एक तर सीट (व्हॉल्व टेकतो ती कडा) गळते नाहीतर व्हॉल्व उशिरा बसतो, दोन्ही इंजिन न चालवता कळतं. हेड काढा, उलटं ठेवून व्हॉल्ववर रॉकेल ओता आणि पोर्टात बघत बसा. ओल आली तर बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून घासा, सीटवर करड्या रंगाची एकसारखी अखंड कडी उठेपर्यंत. रॉकेल थांबलं तर मग स्प्रिंग.
स्प्रिंग अंदाजाने नको. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, व्हॉल्व केजसकट (तो बसतो त्या घरासकट) स्टेमचं म्हणजे दांडीचं टोक काट्यावर टेकवा, केज हळूच दाबा, व्हॉल्व सीट सोडतो तेव्हा किती ग्रॅम आले ते लिहा. २० मिमीचा व्हॉल्व म्हणजे ३ चौरस सेमीच्या आसपास, ०.१ बार व्हॅक्यूम मिळाला तरी ताकद ३०० ग्रॅमच. त्याहून कडक असेल तर नीट उघडणार नाही, फारच ढिली असेल तर तुमच्यासारखं होणार.
आणि चौथा हिस्सा हे पूर्ण वाट मोकळी करायचं गणित आहे, ऑटोमॅटिक व्हॉल्वला ५ मिमी परत यायला वेळ पुरत नाही. ३ वर आणा.

कळवा_जुन्या_गाड्या
काकांशी १०० टक्के सहमत. ही अडचण कार्ल बेन्झला आलीच नसती, त्याच्या १८८६ च्या गाडीत इनटेकला यांत्रिक स्लाइड व्हॉल्व (इंजिनानेच सरकवलेला) होता, तरी ९५४ सीसीचं ते इंजिन ४०० आरपीएमला पाऊण हॉर्सपॉवरच द्यायचं. पण ऑटोमॅटिक व्हॉल्व म्हणजे कमी स्पीडच असं धरू नका, द दियाँ-बूतों या फ्रेंच कंपनीने १८९५ च्या सुमारास त्यावरच १५०० आरपीएम काढले, व्हॉल्व हलका आणि लिफ्ट कमी.
टेबलावर पास झालेला पार्ट रस्त्यावर नापास होतो हेही खरं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेन्झची बायको बर्था हिने मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत १०० किमीच्या वर गाडी नेली, तुंबलेली इंधनाची नळी हॅटच्या पिनने साफ केली, ब्रेकला चांभाराकडून चामडं लावून घेतलं, चढावर गाडी ढकलावी लागली आणि त्यानंतर गाडीत चढासाठी जादा गिअर आला. म्हणून तुमचं इंजिन स्टँडवर चाललं तरी लोड देऊन बघाच.

ठाणे_पूर्व_८२
कशाला एवढा खटाटोप, जुन्या बाईकच्या व्हॉल्वची स्प्रिंग टाका की.

वागळे_इस्टेट_फिटर
@ठाणे_पूर्व_८२ ती कॅमने दाबायची स्प्रिंग, कित्येक किलोची. व्हॅक्यूमने जागची हलणार पण नाही.

ऐरोलीकर_टर्नर
काका, रॉकेल एक थेंब झिरपलं नाही, सीट उत्तम! स्प्रिंग मात्र काट्यावर ४० ग्रॅमलाच उघडत होती. पियानो वायरची नवीन वळून घेतली, आता १२० ला उघडते, आणि स्टेमवर कॉलर घालून लिफ्ट ३ मिमी केली. फवारा बंद झाला, स्पीड वाढवला तरी मरत नाही. ताकद अजून कमी वाटते, रिंगमुळे असेल का?

वागळे_इस्टेट_फिटर
शाब्बास! रिंग पिस्टनवरून काढून एकटीच सिलिंडरमध्ये सरळ बसवा, खालून टॉर्च मारा. कडेने उजेड दिसला तर तिथून गॅस जातोय, ती रिंग बदला. लोड द्यायला फ्लायव्हीलवर दोरी गुंडाळून एका टोकाला वजन आणि दुसऱ्याला स्प्रिंगकाटा लावा, पण दोरी हाताला बांधू नका. आणि सध्याच्या पावसात बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) उघडा ठेवून घरी जाऊ नका, एका रात्रीत गंज धरतो, तेलाचा हात मारूनच निघा.